‘फक्त विश्वास’ म्हणता, मग मोहाच्या दारूची बाटली कोण मोजतं?

नवापूरचा_मास्तर
परवा इथेच एका पाळकांची पोस्ट होती: “दवाखाने काढा, भुकेल्यांना जेवू घाला, देवापुढे सगळं शून्य. तारण फक्त विश्वासाने.” खाली आमेनची रांग. डोकंच उठलं माझं. बायबलात प्रेषित पौलाच्या पत्रातलं रोम ३:२८ मलाही पाठ आहे हो, “माणूस कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो”. पण पौल बोलतोय कोणत्या कर्मांबद्दल? यहुद्यांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सणवार. गलती २ काढा. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, म्हणून पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. भुकेल्याला भाकरी देणं त्या यादीत कुठे आलं? मत्तय २५ मध्ये तर न्यायाच्या वेळी भाकरीचंच विचारतात.

कृपा_शहादा
मास्तर, रोम ३ वर थांबलात, पुढचं पान उलटा. रोम ४:४-५: मजुराला मजुरी मिळते ती कृपा नव्हे, हक्क. तिथे सुंतेचा नियम नाही, कामाचाच हिशोब आहे. आणि अब्राहाम नीतिमान ठरला उत्पत्ति १५ मध्ये, सुंता झाली १७ मध्ये. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला स्वर्ग मिळाला, त्याने कोणता दवाखाना काढला होता?

नवापूरचा_मास्तर
याकोब २:२४ तुमच्या बायबलमधून फाडलंय का? “केवळ विश्वासाने नव्हे” असं सरळ लिहिलंय.

कृपा_शहादा
याकोब दाखला देतो तो अब्राहामाने मुलगा इसहाक देवाला अर्पण करायला नेला त्याचा, उत्पत्ति २२ मधला. नीतिमान ठरून वर्षं लोटल्यावरचा! मुळं आधी, फळं मागून. तुम्ही शाळेत उलटं शिकवता वाटतं.

जळगावचा_कॅथलिक
आमच्यावर ‘कर्माने तारण’चा शिक्का मारणाऱ्यांसाठी: आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेचा १५४७ चा पहिलाच नियम, कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं म्हणणारा शापित. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गमध्ये लुथरन (प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ २००६ मध्ये त्यात आला. तुम्ही भांडा.

चिंचपाड्याची_सून
ऑग्सबर्ग राहू द्या, आमच्या गावात या. माझ्या सासऱ्यांना चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसातून बाहेर बसवलं. का? सख्ख्या भावाच्या लग्नात ढोल वाजला आणि ते उठून आले नाहीत. होळीला गेलात, नाव कट. मोहाची घेतली, नाव कट. रविवारी मात्र उपदेश, “कर्मांनी काही होत नाही”. पेत्र पंगतीतून उठला तर चूक, आणि आम्ही उठलो नाही तर पाप?

सातपुडा_पोऱ्या
ताई, मोहाचं नाव हलकं घेऊ नका. माझा बाप त्यातच गेला. काकाने बाप्तिस्मा घेतला, बाटली सोडली, म्हणून आम्ही भावंडं शिकलो. स्वीडिश मिशनरी दारूबंदी घेऊन आले, त्याला नावं ठेवणं सोपं आहे.

चिंचपाड्याची_सून
भाऊ, दारू सुटली ते सोनंच झालं. माझ्या माहेरीही सुटली. पण ढोल प्यायल्याने कोणाचा बाप गेला?

कृपा_शहादा
होळी म्हणजे नुसता ढोल नाही, पूजा असते. १ करिंथ १० बघा, मूर्तीच्या पंगतीत बसू नका म्हणतो पौल.

चिंचपाड्याची_सून
त्याच अध्यायात बाहेरच्याने जेवायला बोलावलं तर जा आणि वाढलेलं खा, असंही आहे. आणि सासरे लग्नात होते, होळीत नाही. दादा, वाचून बोला.

सातपुडा_पोऱ्या
लग्नातच बाटली फिरते ताई. तुम्हालाही माहीत आहे.

चिंचपाड्याची_सून
फिरते. सासऱ्यांनी हात लावला नाही, हे चर्चच्या पंचांनाही माहीत होतं. विचारलंच नाही कोणी.

कृपा_शहादा
बरं, सासऱ्यांच्या बाबतीत मंडळीचं, म्हणजे चर्चचं, चुकलं असेल. मंडळी चुकली म्हणून पौल चुकत नाही.

नवापूरचा_मास्तर
वा, एवढं तरी सुटलं तोंडातून! मग इफिस २:८-९, “कृपेने, विश्वासाद्वारे तारण, कर्मांनी नव्हे”, फळ्यावर लिहिता तेव्हा दहावं वचनही लिहा, “सत्कृत्ये करण्यासाठी” वालं.

कृपा_शहादा
लिहितो. तुम्ही आठवं पुसू नका म्हणजे झालं.

जळगावचा_कॅथलिक
१९९९ मध्ये हेच ठरलं होतं भो.

कृपा_शहादा
तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्याशी वेगळं भांडण आहे.