चिपी सोडून मोपा गाठणारे ‘जिल्हाद्रोही’ कसे?

निवृत्त पोस्टमास्तर, झाराप

परवा ‘परुळ्याचा भूमिपुत्र’ यांनी येथे असे लिहिले की, दोन पैसे वाचवण्यासाठी बसने पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडून तिकडच्या मोपा विमानतळावरून विमान पकडणारे सिंधुदुर्गवासी हे ‘जिल्हाद्रोही’ आहेत, आपल्या जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ त्यांच्यामुळेच ओस पडतो, आणि बसभाडे, पुढची रिक्षा व वाया जाणारा दिवस धरला तर त्यांच्या पदरात बचत म्हणून काहीच पडत नाही. त्यावर चार ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढला आहे.

आधी कोणामुळे काय झाले ते पाहू. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला आणि मुंबईचे विमान लहान गावांना विमानसेवा देणाऱ्या ‘उडान’ या सरकारी योजनेतून मिळाले. त्या योजनेत विमान कंपनीला मिळणारी तुटीची भरपाई तीन वर्षांपुरती असते. ती मुदत 2024 च्या ऑक्टोबरात संपली आणि ती मुंबई सेवाही थांबली. जे विमानच उरले नाही त्यात आम्ही का बसलो नाही, असा जाब विचारणे मला तरी विचित्र वाटते. मोपाहून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. तेथे एकाच मार्गावर दोन-तीन कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करतात आणि एका विमानात सुमारे 180 माणसे बसतात. चिपीला येते ते एटीआर जातीचे, सत्तरेक आसनांचे लहान विमान. दोन्हीकडचे भाडे सारखे राहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता बचतीविषयी. चार माणसांचे कुटुंब, सोबत आंब्याच्या पेट्या आणि पहाटेचे विमान असेल, तर गाडी करूनच जावे. तेथे भूमिपुत्रांचा हिशेब मला मान्य आहे. परंतु एकटा माणूस, हातात एक बॅग आणि दुपारचे विमान असेल, तर सावंतवाडी किंवा बांद्याहून पणजीकडे जाणारी बस धरायची, वेळेला जुळणारी थेट बस नसली तर धारगळला उतरायचे आणि तेथून जोडरस्त्याने रिक्षा वा मोटारसायकल पायलट (भाड्याने मागे बसवून नेणारा मोटारसायकलवाला) घ्यायचा. पेडण्यापर्यंत रेल्वेनेही जाता येते, मात्र कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागले की मी त्या वाटेला जात नाही. देशांतर्गत विमानाचा काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, आणि बसला उशीर झाला हे कारण कोणतीही विमान कंपनी ऐकून घेत नाही. म्हणून एक बस चुकली तरी तिच्या मागच्या बसने वेळेत पोहोचता येईल एवढी सवड मी ठेवतो. ही सवड नसेल तर स्वस्त तिकीट हा जुगार आहे, हे मी उघडपणे सांगतो.

शिवाय दिशा पाहावी. चतुर्थीच्या आधी मुंबईहून इकडे येणारे तिकीट भडकते, कारण सारे चाकरमानी त्याच दिशेने निघालेले असतात. त्याच दिवसांत उलट दिशेने मुंबईला जाणारा मनुष्य पुष्कळदा स्वस्तात जातो. हे ज्याला कळते त्याने काय गुन्हा केला?

परुळ्याचा भूमिपुत्र

पोस्टमास्तर काका, आपण वयाने मोठे आहात म्हणून शब्द जपून वापरतो. आमची काजूची कलमे जिथे उभी होती तिथे आज धावपट्टी आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. जिल्ह्यात विमान उतरावे ही माझ्या वडिलांचीच इच्छा होती. परंतु जे लोक ‘जिल्ह्यात विमानतळ पाहिजे’ म्हणून मोर्चात पुढे होते, तेच आज बॅग खांद्याला लावून बांद्याच्या तिठ्यावर पणजीच्या बसची वाट पाहत उभे असतात, हे पाहून मला जे वाटते ते आपल्या हिशेबाच्या वहीत मावणारे नाही.

आपण म्हणता की आधी विमान गेले आणि मग प्रवासी गेले. मी म्हणतो की, प्रवासी मोपाकडे वळतात हे दिसत असताना कोणती कंपनी सरकारी मदतीशिवाय चिपीला विमान ठेवील? सिंधुदुर्ग हा 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्या जिल्ह्याचे पर्यटक गोव्यात उतरतात, पहिली रात्र गोव्यात काढतात, पैसा तेथे टाकतात आणि उरलासुरला एक दिवस मालवणचा किल्ला बघायला येतात. आपले हजार-दीड हजार वाचतात, ते कोणाच्या खिशातून जातात याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

हिशेबनीस, कणकवली

दोघांचेही वाचले. पर्यटकांविषयीचा मुद्दा वजनदार आहे, पण पर्यटक कोठे उतरतो याचा झारापच्या माणसाने कोणत्या विमानात बसावे याच्याशी काय संबंध, हे कळले नाही.

महाराष्ट्रात विमानाच्या इंधनावर कर जास्त म्हणून चिपी महाग, असे कोणीतरी येथे म्हणेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. हे इंधन जीएसटीत नाही आणि त्यावर प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावते, हे खरे आहे. परंतु ‘उडान’मधल्या विमानतळांवर तो एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवण्याची हमी राज्यांना द्यावी लागते. तेव्हा चिपीच्या भाड्याचे खापर इंधनावर फोडू नये. लहान विमानात वैमानिकांचा, देखभालीचा आणि उतरण्या-उडण्याचा खर्च थोड्या आसनांवर वाटला जातो, आणि स्पर्धा नसल्यामुळे कंपनीला दर खाली आणण्याचे कारणही नसते.

आरोंद्याची लेक

मी नोकरीसाठी रोज गोव्यात जाते, त्यामुळे हद्द ओलांडणे म्हणजे द्रोह असेल तर मी अट्टल गुन्हेगार ठरेन. माझ्या आईला बांबोळीला उपचारांसाठी नेत होतो तेव्हा आम्हांला कोणी जिल्हाद्रोही म्हटले नाही. उलट शेजाऱ्यांनी डबा दिला. आजारपणात गोवा चालतो, पगारासाठी चालतो. विमानाचे तिकीट काढले की मात्र जिल्ह्याची अस्मिता जागी होते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपुरतेच. वाहक सांगतो, “अर्धा तिकीट बांद्यापर्यंत, फुडे पूरा.” गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये तर ही सवलत नाहीच. म्हणजे मी मुंबईला एसटीने गेले तर सबंध प्रवास अर्ध्या दरात होतो, आणि घरापासून हाकेच्या अंतरावरच्या विमानतळाला जाताना मात्र हद्दीपलीकडच्या टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते. दोन्ही राज्यांनी बसून हे सोडवायला काय हरकत आहे?

परुळ्याचा भूमिपुत्र

ताई, क्षमा करा, पण हे आता अती झाले. ज्यांना विमानाचे तिकीट परवडते त्यांनी विमानतळापर्यंत जाण्यासाठी एसटीची अर्धी सवलतही घ्यायची आणि ती परराज्यातही मिळावी म्हणून रडायचे! ही सवलत बाजाराला जाणाऱ्या, दवाखान्यात जाणाऱ्या बाईसाठी आहे. आणि पोस्टमास्तर काका पंचाहत्तरी ओलांडलेले असल्याने बांद्यापर्यंत फुकटच जात असावेत. करदात्यांनी यांना हद्दीपर्यंत पोहोचवायचे आणि मग यांनी आपल्याच जिल्ह्याच्या विमानतळाला पाठ दाखवायची, अशी ही योजना दिसते.

निवृत्त पोस्टमास्तर, झाराप

होय, फुकट जातो. 26 ऑगस्ट 2022 पासून शासनाने दिलेली सवलत आहे, ती मी कोणाकडून उधार मागितलेली नाही. विमानाचे तिकीट मुलगा काढतो, हेही आपल्याला जाणून घ्यायचे असेल तर जाणून घ्या.

आरोंद्याची लेक

‘रडायचे’ हा शब्द आपण मागे घ्यावा. मी नोकरी करते, कर भरते, आणि वर्षाकाठी एखादे विमान पकडते ते बहिणीला भेटण्यासाठी. कोणत्या बाईने कोणत्या कामासाठी एसटीत बसावे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हिशेबनीस, कणकवली

सवलतीचाच विषय निघाला आहे तर तो पूर्ण होऊ द्या. ‘उडान’ सुरू झाली तेव्हा तासाभराच्या उड्डाणासाठी ठरावीक आसनांचे भाडे 2,500 रुपयांपर्यंत बांधलेले होते आणि त्यातली तूट सरकारी योजनेतून भरून दिली जात होती. त्या भरपाईचा मोठा वाटा देशातल्या मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून घेतलेल्या आकारातून येतो, आणि कंपन्या तो आकार अखेर प्रवाशाच्याच माथी मारतात. याचा अर्थ असा की, चिपीहून मुंबईला बांधलेल्या भाड्यात जाणाऱ्या माणसाला मदत मिळत होती, आणि ती देण्यात मोपाहून मोठ्या विमानाने जाणाऱ्याचाही हातभार होता. भूमिपुत्रांना सवलत घेणारा माणूस शोधायचा असेल तर त्यांनी एसटीच्या खिडकीतून आत डोकावण्याआधी एटीआरच्या खिडकीतून डोकावावे. एका आसनामागे सरकारी मदत कोणाला जास्त मिळाली, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

परुळ्याचा भूमिपुत्र

‘रडायचे’ मागे घेतो. ‘अती झाले’ मागे घेत नाही.

हिशेबनीस साहेब, ‘उडान’ची मदत विमान कंपनीला मिळते, प्रवाशाला नव्हे. आणि लहान गावांना विमान मिळावे म्हणूनच ती योजना आहे. मोपाचा प्रवासी आकार भरतो म्हणून तो उपकारकर्ता ठरत नाही. रस्त्यावर टोल भरणारा मनुष्य काही त्या रस्त्याचा कंत्राटदार होत नाही.

हिशेबनीस, कणकवली

एसटीची सवलतही शासन महामंडळालाच भरून देते, बाईच्या हातात कोणी रोख ठेवत नाही. आपलाच न्याय दोन्हीकडे लावावा.

बांद्याचा गाडीवाला

सवलतीवर एवढा शब्दच्छल चालला आहे, पण या अर्ध्या तिकिटामुळे कोणाच्या पोटावर पाय आला हे कोणी विचारत नाही. माझा चुलतभाऊ सहा आसनी चालवत होता. बायका एसटीकडे वळल्यावर त्याने गाडी विकली. मला निदान मोपा विमानतळाची भाडी मिळतात. पण तिथेही प्रवासी सोडून परत येताना कोणी घ्यायला गेलो की स्थानिक धंदेवाले आडवे येतात, आणि ओला-उबर त्या राज्यात नाहीतच. रिकामी गाडी घेऊन परतावे लागते, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंचे डिझेल भाड्यात धरतो. मग याच मंडळींपैकी कोणीतरी आम्हांला लुटारू म्हणते आणि बसने जाण्याच्या युक्त्या सांगते. हद्दीचा खरा मार आमच्यावर आहे, पोस्टमास्तर काका. तुम्ही हद्द ओलांडली तर तिकीट बदलते, आम्ही ओलांडली तर धंदा बदलतो.

मस्कतवासी रत्नागिरीकर

आमच्या रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची, त्यामुळे आपणा सर्वांच्या दोन-दोन विमानतळांच्या श्रीमंतीकडे पाहून मी काहीसा हेव्याने लिहीत आहे. इकडे आखातात दुबईहून बसने मस्कतला येऊन भारताचे स्वस्त विमान पकडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सीमेवर सामानासह खाली उतरावे लागते, पासपोर्टवर शिक्के घ्यावे लागतात, बाहेर पडण्याचे शुल्क भरावे लागते, आणि व्हिसाची अट लागू असेल तर तीही आधीच पाहावी लागते. रांग लांबली तर बस थांबते, विमान थांबत नाही. इतके करूनही सणासुदीला तफावत मोठी असते म्हणून लोक ते करतात, आणि त्यांना कोणी देशद्रोही म्हणत नाही.

परुळ्याचा भूमिपुत्र

आखाताचा दाखला इथे गैरलागू आहे. दुबईचा विमानतळ चार प्रवासी कमी झाले म्हणून बंद पडणार नाही. चिपीचे तसे नाही.

निवृत्त पोस्टमास्तर, झाराप

या एका वाक्यात आपण पहिल्यांदाच माझ्या मुद्द्याजवळ आलात. चिपीला थोड्या प्रवाशांनीही फरक पडतो, हे मी मानतो. मग ते थोडे प्रवासी तेथपर्यंत पोहोचतात कसे, हे विचारा. झारापला हमरस्त्यावर उभे राहिले की पणजीकडची बस मिळते. परुळ्याकडे जाणारी बस विमानाच्या वेळेला जुळेलच असे नाही, आणि न जुळल्यास कुडाळहून गाडी करावी लागते. म्हणजे चिपीच्या तिकिटात गाडीचे भाडे मिळवायचे आणि मोपाच्या तिकिटात बसचे. आमच्यासारख्या एकट्यादुकट्या प्रवाशांचा निर्णय तेथेच होतो. निष्ठेचा प्रश्न उद्भवायला वावच राहत नाही.

एसटीच्या कणकवलीच्या विभागीय कार्यालयाला मी एक निवेदन लिहीत आहे. पणजीच्या गाड्यांना धारगळच्या जोडरस्त्यापाशी ठरलेला थांबा मिळावा आणि कुडाळ रेल्वे स्थानकावरून चिपीच्या प्रत्येक विमानाला जुळणारी बस असावी, अशा दोन मागण्या त्यात आहेत.

आरोंद्याची लेक

सवलत हद्दीपलीकडे मिळण्याची तिसरी मागणी घातलीत तर माझी आणि माझ्यासोबत रोज जाणाऱ्या सगळ्या जणींची सही मिळेल.

बांद्याचा गाडीवाला

परतीच्या भाड्याची चौथी मागणी घाला म्हणालो तर ती एसटीच्या अखत्यारीत नाही असे सांगाल, ठाऊक आहे. माझी सही धरू नका.

परुळ्याचा भूमिपुत्र

चिपीच्या बसची मागणी मी पूर्वीपासून करत आहे. ती आठवायला काकांना मोपाचा थांबा हवा होता, हे नोंदवून ठेवतो. निवेदनात चिपी पहिल्या क्रमांकावर असेल तरच माझी सही धरावी.

निवृत्त पोस्टमास्तर, झाराप

मागण्या वर्णानुक्रमे लावल्या आहेत. चिपी, मग धारगळ.

परुळ्याचा भूमिपुत्र

वर्णमालेने तरी जिल्ह्याची बाजू घेतली. सही धरा. विमान मात्र मी चिपीचेच पकडणार, मग ते कितीही महाग असो आणि ज्या दिवशी असेल त्या दिवशी असो.