आजीच्या वर्षश्राद्धाला 32 पानी पुस्तक करायचंय: जन्मसाल, कुरडया, ओव्यांची कॅसेट. सुरुवात कुठून करू?

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. आजी मार्गशीर्षात गेली. सासर आर्वी तालुक्यात, माहेर वर्धा नदीच्या पल्याड, अमरावती जिल्ह्यात. येत्या वर्षश्राद्धाला सोयऱ्यांना देण्यासारखं छोटं पुस्तक करायचं ठरलंय. ‘मायेचा सागर’ छापाचं नको. ती कशी जगली, काय करायची, ते नीट यावं.

अडचणी अशा. आधारवर जन्म 1/1/1925. तेरवीच्या कार्डावर वय 101 छापलं गेलं. घरातले जुने लोक मात्र दोनच गोष्टी ठाम सांगतात: ‘धोंड्याच्या (अधिक) महिन्यात, श्रावणात झाली’ आणि ‘आष्टीच्या गोळीबारानंतरच्या उन्हाळ्यात लग्न झालं’. तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट आहे, वाजवायची हिंमत होत नाही. कुरडया तिच्यासारख्या कोणाला जमत नाहीत आणि माप कोणी लिहून ठेवलेलं नाही. फोटो भिंतीवरच्या फ्रेमात काचेला चिकटलेत. काय आधी करावं?

पटवारी_दप्तर

भाऊ, आधारवरची 1 जानेवारी सोडून द्या. तारीख माहीत नसली की तीच पडते. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातल्या 1 जून, 1 जुलैचंही तेच. गुरुजींनी पोराकडं पाहून लिहिलेल्या. घरातल्या लोकांनी सांगितलेलंच जास्त कामाचं आहे.

अधिक महिना साधारण 19 वर्षांनी त्याच महिन्यात परत येतो. 2023 ला अधिक श्रावण होता. तिथून मागे जा: 2004, 1985, 1966, 1947, 1928. चक्र कधी कधी एका महिन्यानं सरकतं, म्हणून शेवटचं साल जुन्या पंचांगाशी ताडून घ्यायचंच. पण 1928 धरलं तर 1925 आपोआप बाद होतं, कारण तीन वर्षांच्या अंतरानं दोन अधिक श्रावण येत नाहीत. आष्टी आणि चिमूरची घटना ‘चले जाव’ चळवळीतली, 16 ऑगस्ट 1942 ची, नागपंचमीची. ‘नंतरचा उन्हाळा’ म्हणजे 1943. म्हणजे लग्नात चौदा पुरी होऊन पंधरावं चालू. त्या काळाला धरून आहे. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य, 1928, हा जन्माचा काळ धरा. मार्गशीर्षात गेली तेव्हा 97 पूर्ण होती. कार्डावर 101 छापलं म्हणून पुस्तकात तेच ओढू नका.

कागद हवा असेल तर कोतवाल बुक पाहा. जन्म-मृत्यूची गावनिहाय नोंद असते. इथं लोक एक चूक हमखास करतात: सासरच्या गावाचं बुक काढतात. पोरीचा जन्म माहेरच्या गावात नोंदला जाणार, किंवा तिच्या आईच्या माहेरी, कारण पहिलं बाळंतपण तिकडंच व्हायचं. दोन्ही गावं घ्या. मुलीचं नाव बहुतेक नसतंच, ‘अमक्यास मुलगी’ एवढंच. म्हणून बापाचं आणि आज्याचं नाव, जात, महिना यावरून शोधायचं. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. त्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नजर टाका. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून टाकली आहेत. काही पानं मोडीत असतील, वाचणारा सोबत घ्या.

तिचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा बहुधा तुमच्या आबाजींच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवणाऱ्या नोंदीत, दिसेल. त्यात मृत्यूची तारीख आणि सगळी लेकरं एका ओळीत सापडतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी वगळल्या आहेत का तेही बघा.

आणि एक: नदी ओलांडली की जमिनीच्या साऱ्याची पद्धत वेगळी होती, हे पुस्तकात येऊ द्या. माहेर वऱ्हाडात, तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. सासर मध्य प्रांतात, तिथं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करायचा; ती 31 मार्च 1951 ला गेली. मग 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत दोन्ही गावं मध्य प्रदेशात, पुढं मुंबई राज्यात, 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. बाई जागची हलली नाही, राज्य मात्र बदलत गेलं.

जुनं_टेपरेकॉर्डर

कॅसेट वाजवू नका, आधी पाहा. फितीच्या मागं मधोमध छोटा नमद्याचा तुकडा असतो. तो पडला असेल तर आवाज गाडल्यासारखा येतो. चार बारीक स्क्रूंचं कवच असेल तर उघडून दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या कवचात फीत बसवता येते. बुरशी, म्हणजे कडेला पांढरी भुकटी, दिसली तर थांबा आणि जाणकाराकडं द्या. एक खराब फीत पुढच्या सगळ्या खराब करते.

फीत चांगली दिसली तर पेन्सिलनं सैलपणा काढा. टेपचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसा. जुन्या टेपचा रबरी पट्टा ढिला झाला की वेग कमी होतो आणि आजीचा आवाज जाड, पुरुषी लागतो. तो तिचा आवाज नव्हे. पट्टा बदला, माहितीच्या गाण्याच्या कॅसेटवर तपासा, मगच तिची लावा. लाइन-आउटची तार संगणकाला जोडून डब्ल्यूएव्हीमध्ये 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटवर घ्या. मोनो तासाला साधारण 300 एमबी होते. खरखर काढायची घाई नको. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, सफाई प्रतीवर करा. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.

कॅसेटमधल्या ओव्या अर्ध्या असतील. उरलेल्या तिच्या बरोबरीच्या बाया सांगतील, पण ‘आठवा’ म्हटलं तर ओठ मिटतात. जात्यावर बसवा, दोन मुठी जवारी घाला, खुंटा हातात द्या. हात फिरू लागला की ओळी येतात. लिहिताना बोली सुधारू नका. ‘वावर’चं ‘शेत’ केलं की ओवीचा ठेका मोडतो.

चीक_आणि_सोऱ्या

कुरड्यांचं मी सांगते. कागदावर माप विचारत बसू नका, ताई-काकू ज्या दिवशी खरंच घालतील त्या दिवशी काटा घेऊन उभे राहा. चैत्र हाच मोसम आहे, लवकर ठरवा. ‘पायलीभर’ म्हणतील. पायली मापाची असते, वजनाची नाही, आणि गावागावाची वेगळी. घरातलीच पायली गव्हानं भरून तोला, तेवढं किलोत लिहा.

गहू 3 दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरचं पाणी हलकेच ओतायचं. पातेल्यात चिकाइतकंच पाणी उकळायला ठेवायचं, मीठ, हिंग, मग एकीनं चीक धारेनं सोडायचा आणि दुसरीनं न थांबता घाटायचं. खरा डाव इथं आहे. घाटा चकचकीत होऊन काठ सोडू लागला, ओल्या बोटाला चिकटला नाही, की झाला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा चुरा होतो. गहू कमी भिजला तर चीक कमी निघतो. पाणी बदललं नाही तर आंबूस वास तळतानाही जात नाही. घाटा गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, गार झाला की तार तुटते.

तुमच्या आजीचं वेगळेपण बहुधा किती वेळ झाकण घालून वाफ द्यायची, यात असेल. हे तिच्याबरोबर घाटणारीलाच माहीत. त्या बाईचं नावही छापा.

छापखाना_चाळीस_पानी

फोटो काचेवरून ओढू नका, चेहरा काचेवरच राहतो. मागचा पुठ्ठा काढा, पण फोटो काचेसकट उजेडात तिरका धरून टिपा, फ्लॅश बंद. सुटे फोटो 600 डीपीआयवर स्कॅन. छापायला 300 लागतात, म्हणजे दुप्पट मोठा छापता येतो. मागं पेनानं लिहिलेली बाजूसुद्धा स्कॅन करा. लॅमिनेशन नको.

मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत. 32 बरोबर बसतात. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि छापखाना जुन्या फॉन्टात बदलणार असेल तर प्रूफ स्वतः वाचा. ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’, ‘सोयऱ्यांना’ इथंच फॉन्ट मोडतो. ‘ऱ’ गायब होतो नाहीतर अर्धा र भलत्या अक्षरावर बसतो. नावांची यादी दोघांनी वाचा, एकानं मोठ्यानं, दुसऱ्यानं हस्तलिखित धरून.

नदीकाठचा

धन्यवाद सगळ्यांना. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे वर्षश्राद्ध इंग्रजी तारखेच्या मानानं पुढं जातंय. हातात अठरा-वीस दिवस जास्त मिळाले. माहेरच्या गावचं कोतवाल बुक पहिलं, कुरडया चैत्रात. टेपचा पट्टा वर्ध्याला मिळेल का कोणाला ठाऊक?

जुनं_टेपरेकॉर्डर

जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं विचारा. जुना पट्टा सोबत न्या. तुटला असेल तर तुकडे जोडून दोऱ्यानं घेर मोजा, आणि नवा त्याहून थोडा तोकडा मागा, कारण जुना वापरून ताणलेला असतो.