लॅपटॉपवरून चार स्पीकर: रिंगणाचं रेकॉर्डिंग चहूबाजूंनी ऐकवायचंय, कोणता कन्व्हर्टर घेऊ?

नीरा_काठ

नमस्कार. मी फलटणची. माउलींची पालखी दरवर्षी आमच्या गावात मुक्कामाला असते. आई २२ वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी गेली. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं तिची वारी चुकली. म्हणून मागच्या आषाढात सदाशिवनगरच्या गोल रिंगणाला मी झूमचा एच३-व्हीआर रेकॉर्डर घेऊन गेले. त्यात चार कोनांत बसवलेले चार माइक असतात आणि सगळ्या दिशांचा आवाज एका चार चॅनलच्या अँबिसॉनिक फाइलमध्ये उतरतो. पताकावाल्यांजवळ, रिंगणाच्या आतल्या अंगाला उभं राहायला जागा मिळाली. अश्व माझ्याभोवती फिरले. ४१ मिनिटांची फाइल आहे, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ.

हेडफोनवर ऐकलं तर टाळ छान येतात, पण टापा डोक्याच्या आतच घुटमळतात. मला आईला पलंगावर मधोमध बसवून चार बाजूंनी ऐकवायचंय. स्पीकर आहेत: यामाहाचे एचएस५, दोन माझे आणि दोन भावाने दिलेले. लॅपटॉप विंडोज ११ चा, यूएसबी आणि एचडीएमआय दोन्ही आहे. रेकॉर्डिंग वाजवायला आणि संपादनाला रीपर हे सॉफ्टवेअर वापरते.

आतापर्यंत दोन गोष्टी केल्या. आधी ऑनलाइन एक ‘७.१’ लिहिलेला छोटा यूएसबी साउंडकार्ड मागवला. आला तर त्याला हेडफोनचं एकच भोक. चार चॅनल पाठवले की बाहेर दोनच येतात. मग घरातले दोन स्टिरिओ यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणारे कन्व्हर्टर) आसिओफोरऑल या विंडोजच्या ड्रायव्हरने एकत्र जोडले. सुरुवातीला अंगावर काटा आला, इतकं छान. पण दहा-बारा मिनिटांनी मागचे टाळ पुढच्यांच्या मागे पडायला लागले आणि मधूनच टकटक ऐकू यायला लागली.

बजेट ३० हजार. चार आउटपुट हवेतच, पुढेमागे मधला स्पीकर आणि सबवूफर जोडता आला तर ५.१ चे सिनेमेही बघता येतील. काय घेऊ? आणि ते दोन डॅक मागेपुढे का झाले, हेही कुणी समजावून सांगाल का?

घरचं_थेटर

ताई, सिनेमा बघायचा असेल तर सरळ एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) घ्या. एचडीएमआयच्या एकाच वायरमधून ८ चॅनलचा न दाबलेला डिजिटल आवाज, म्हणजे पीसीएम, जातो, २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. विंडोजमध्ये ५.१ निवडलं की झालं. फक्त ऑप्टिकल वायरच्या नादी लागू नका. तिच्यातून पीसीएम दोनच चॅनलचा जातो. ५.१ हवं तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असं दाबून पाठवावं लागतं. तुमच्या रेकॉर्डिंगला ते कशाला करायचं?

तिसरी_घंटा

नीराताई, मी पुण्यात प्रायोगिक नाटकांचा ध्वनी बघतो. सहा-आठ स्पीकर प्रेक्षकांभोवती लावून लॅपटॉपवरून चालवणं हे माझं नेहमीचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी दोन डॅकचं. प्रत्येक डॅकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, म्हणजे स्फटिक. दोघांवरही ४८,००० (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) लिहिलेलं असलं तरी एक किंचित पुढे धावतो, दुसरा किंचित मागे राहतो. फरक दहा लाखांत ५० चा धरा. मिनिटाला ३ मिलिसेकंद, दहा मिनिटांत ३०. मृदंगाच्या घुमाऱ्यात ३० मिलिसेकंद खपून जातील, टाळांत नाही. टाळाचा ठोका इतका टोकदार असतो की तो सरळ दोनदा ऐकू येतो. टकटक येते ती सॉफ्टवेअर मध्येच नमुने गाळून किंवा भरून दोघांना सांधायला बघतं तेव्हा. त्यामुळे पहिली अट ही: सगळे चॅनल एकाच डब्यातून, एकाच घड्याळावर. बाकी सगळं त्यानंतर. डॅकची चिप कुठली, आवाजाच्या स्वच्छतेचा आकडा ११० डेसिबल की १२०, यावर लोक रात्री जागवतात. तुमच्या खोलीत पंखा चालू असताना तो फरक ऐकू येणार नाही.

रिसीव्हरचा सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्या स्पीकरना लागू नाही. एचएस५ मध्ये ॲम्प्लिफायर आतच आहे. त्यांना रिसीव्हरमधून जोडायचं तर प्रत्येक चॅनलचा प्री-आउट (ॲम्प्लिफायरच्या आधीचा आउटपुट) लागतो आणि स्वस्तातल्या रिसीव्हरना बहुतेक वेळा फक्त सबचाच प्री-आउट असतो. म्हणजे तुम्ही ज्या ॲम्प्लिफायरचे पैसे मोजाल तेच वापरता येणार नाहीत.

तुम्हाला हवा तो ऑडिओ इंटरफेस, रेकॉर्डिंगवाले वापरतात तो. घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ‘१८ इन २० आउट’ म्हणजे वीस स्पीकर नव्हेत. बेहरिंगर यूएमसी१८२० घ्या किंवा फोकसराइट स्कार्लेट १८आय२०, दोन्हींच्या त्या वीसमध्ये ८ आउटपुट एडॅटचे म्हणजे ऑप्टिकल, २ एसपीडीआयएफचे (हेही डिजिटल), आणि खरे ॲनालॉग १०. तुम्हाला चार-सहाच हवेत, त्यामुळे दहा भरपूर झाले. पण याच घराण्यातले लहान इंटरफेस बघाल तर मागची भोकं बोटाने मोजा. हेडफोनचे आउटपुटही त्या आकड्यात धरलेले असतात.

यूएसबीचा वेग पुरेल का, असं बरेच जण विचारतात. ८ चॅनल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साधारण १८.४ मेगाबिट. यूएसबी २.० ची क्षमता ४८० ची. विसरून जा.

तुमच्या बजेटमध्ये यूएमसी१८२० बसावा. त्यात आठ माइक प्री-ॲम्प आहेत. आज ते तुमच्या उपयोगाचे नाहीत, पण पुढच्या वर्षी भजनी मंडळ घरी बोलावून रेकॉर्ड करायचं ठरवलंत तर लागतील. हात थोडा सैल करता आला तर स्कार्लेट १८आय२० ची एक गोष्ट मला फार आवडते: पुढच्या मोठ्या खुंटीच्या (आवाजाच्या नॉबच्या) ताब्यात कोणकोणते आउटपुट द्यायचे ते सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. अनेक इंटरफेसवर ती खुंटी फक्त पहिल्या दोन आउटपुटना कमी-जास्त करते. आई म्हणाली ‘जरा हळू कर’, तर पुढचे हळू होतील आणि मागचे तसेच गर्जत राहतील. नुसता डॅकच हवा असेल तर टॉपिंगचा डीएम७ आहे. आठ संतुलित (घुंई कमी पकडणारे) आउटपुट, आठांचा आवाज रिमोटवर एकत्र. मिनीडीएसपीचा यू-डॅक८ ही आहे, आठ आरसीए आउटपुटचा, पण त्याला आवाजाची खुंटी आहे का ते आधी बघा.

विंडोजवरचा एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. काही इंटरफेस विंडोजला १-२, ३-४ अशा सुट्या स्टिरिओ जोड्याच दाखवतात, त्यामुळे सिनेमाच्या प्लेअरला ५.१ दिसतच नाही. रीपर आसिओवर (इंटरफेसशी थेट बोलणाऱ्या ड्रायव्हरवर) चालतं, त्याला सगळे आउटपुट दिसतात, म्हणून रिंगणाला अडचण नाही. सिनेमासाठी आसिओवर आवाज काढणारा प्लेअर लागेल, जेरिव्हर मीडिया सेंटरसारखा. त्यात सबचं गणितही होतं. ५.१ मधला ‘.१’ चॅनल १० डेसिबल कमी पातळीवर भरलेला असतो. रिसीव्हर तो आपणहून वाढवतो, इंटरफेस नाही. नवखे लोक इथेच ‘सब वाजतच नाही’ म्हणून हैराण होतात.

आणि कृपा करून, विंडोजचे स्वतःचे आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवरच ठेवा. इंटरफेस फक्त रीपरला द्या. चारही स्पीकर पूर्ण पातळीवर असताना मेल आल्याची टिंग वाजली तर आईंच्या कानाचं आणि स्पीकरचं, दोन्हींचं नुकसान आहे.

पेंग्विन_ठाणे

लिनक्स चालत असेल तर यूएसबी ऑडिओ क्लास २ हे प्रमाण पाळणारा कुठलाही इंटरफेस ड्रायव्हरशिवाय लागतो आणि सगळे चॅनल एका उपकरणात दिसतात. स्टिरिओ जोड्यांचा त्रास तिथे नाही. रीपरची लिनक्स आवृत्ती आहे. स्पीकरचं फिल्टर आणि डिले कॅमिलाडीएसपी या सॉफ्टवेअरमध्ये करता येतात.

हिरवी_पिन

पैसे घालण्याआधी कुणाचा डेस्कटॉप मिळाला तर त्यावर करून बघा. अनेक मदरबोर्डच्या मागे रंगीत भोकं असतात: हिरवं पुढच्या दोघांचं, काळं मागच्या दोघांचं, नारिंगी मधला आणि सब. एकाच चिपमधून, एकाच घड्याळावर. तुमची खोली आणि स्पीकरच्या जागा जमतात का ते तरी कळेल.

नीरा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी घंटा, टाळ दोनदा का वाजत होते ते आता नीट समजलं.

भावाचा डेस्कटॉप आणून हिरवं-काळं करून पाहिलं. आवाज तासभर मागेपुढे झाला नाही! पण चारही स्पीकरमधून ५० हर्ट्झची घुंईई. माउस हलवला की त्यात किरकिर मिसळते. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्यावर कमी झाली, गेली नाही. रिंगण सुरू व्हायच्या आधी सगळे श्वास रोखून उभे असतात, ते काही क्षण माझ्या रेकॉर्डिंगमधले सगळ्यात मोलाचे आहेत, आणि नेमकी तिथे ही घुंई ऐकू येते. इंटरफेसवरही असंच होईल का?

तिसरी_घंटा

डेस्कटॉपची ती ३.५ मिमीची पिन असंतुलित आहे. कॉम्प्युटरचं अर्थिंग आणि स्पीकरचं अर्थिंग यांच्यात फिरणारा करंट सरळ आवाजाच्या वायरमधून जातो. इंटरफेसच्या आउटपुटपासून एचएस५ पर्यंत संतुलित केबल टाका: टीआरएस ते टीआरएस किंवा टीआरएस ते एक्सएलआर. टीआरएस म्हणजे दोन काळ्या रेघांची जाड पिन. एका रेघेची गिटारची केबल दुकानदार ‘तीच आहे’ म्हणून देईल, घेऊ नका. आणि स्पीकरच्या थ्री-पिनचं अर्थ तोडून घुंई घालवायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, शॉक बसेल.

मागच्या स्पीकरचं अंतर किती आहे?

नीरा_काठ

पुढचे २ मीटर, मागचे १.२ मीटर. पलंग भिंतीला लागून आहे, तो आई हलवू देत नाही.

तिसरी_घंटा

मग मागच्यांना उशीर द्या. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे ०.८ मीटरला साधारण २.३ मिलिसेकंद. आणि मागचे ४ डेसिबलपर्यंत कमी करावे लागतील. अंदाजाने करू नका. एकेका स्पीकरवर पिंक नॉइज (मोजणीसाठीचा एकसारखा खळखळाट) वाजवा, फोनवरचं मोजणीचं ॲप आईंच्या डोक्याच्या जागी धरा आणि चौघांचे आकडे जुळवा.

नीरा_काठ

तीन आठवड्यांनी लिहितेय.

यूएमसी१८२० घेतला. संतुलित केबल चार, मागच्या दोन प्रत्येकी ७ मीटरच्या, पलंगाखालून. घुंई गेली. रात्री ११ वाजता, पंखा बंद करून, स्पीकरला कान लावून ऐकलं. अगदी बारीक सूं आहे, पलंगावर बसल्यावर तीही नाही. रीपरमध्ये ग्राझच्या आयईएम संस्थेचे मोफत प्लग-इन टाकले. त्यातल्या ऑलरा-डिकोडरमध्ये (अँबिसॉनिक फाइल स्पीकरांना वाटून देणाऱ्या) चारही स्पीकरचे कोन भरले. सगळे स्पीकर एकाच पातळीवर असतील तर वर आणि खाली एकेक काल्पनिक स्पीकर द्यावा लागतो, हे कळायला एक संध्याकाळ गेली. चौघांचा आवाज रीपरच्या एकाच फेडरवर ठेवलाय, इंटरफेसच्या खुंटीला हात लावत नाही.

आईला बसवलं. पहिली दहा मिनिटं ती काही बोलली नाही, टाळांवर बोटं हलत होती. अश्व सुटले आणि ती एकदम म्हणाली, “थांब. घोडा रिंगणातून आडवा कसा गेला? असं कधी होत नाही.”

मी पुन्हा लावलं. मला काही कळेना, टापा सगळीकडून येत होत्याच. तिने हवेत बोट फिरवून दाखवलं: इथून इथे बरोबर, मग तो तिरपा पलीकडे गेला. मागचे दोन स्पीकर उलटे जोडले होते. जोडताना मी मागच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, माझा डावा हात तिचा उजवा झाला. पिंक नॉइजने चौघांची पातळी अगदी काटेकोर जुळवली, पण कुठल्या चॅनलला कुठला स्पीकर बोलतोय हे एकदाही तपासलं नाही. म्हणून पुढे हे करणाऱ्यांना सांगते: पलंगावर बसून, डोळे मिटून, चॅनल १, २, ३, ४ एकेक वाजवा आणि हाताने दाखवा.

केबल बदलल्या. दुसऱ्यांदा घोडा गोल गेला, आणि आई त्याच्यामागे मान वळवत गेली, मागे वळता येईना तिथपर्यंत.

आता तिचं म्हणणं आहे की मृदंग पातळ वाजतोय, आणि ते खरंच आहे. ५ इंची स्पीकर तळाला पोचत नाहीत. आउटपुट ५ रिकामं आहे. ११ बाय १३ फुटांच्या खोलीला ८ इंची सब पुरेल का, आणि पलंगाखाली ठेवला तर चालेल का? रीपरमध्ये चारही स्पीकरचा ८० हर्ट्झखालचा भाग काढून सबला द्यायचा विचार आहे.