मदत हवी आहे: ड्युटीवर गिळलेला राग घरी लेकीवर निघतो, बीपीही वाढलंय

नमस्कार. मी सिंधुदुर्गात एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, नोकरीला १४ वर्षं झाली. इथे वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच.

मागच्या आठवड्यात नाइटला फुरसं (विषारी साप) चावलेला पेशंट आला, लावणीवरून परतताना बांधावर चावलं होतं. अशा वेळी साध्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष भिनलंय. तेवढं थांबावंच लागतं. नातेवाईक अंगावर आले, "गे बाय, नुसती बघीत काय बसलस? सुई मार आधी!" एकाने ट्रे ढकलला. मी गप्प. रक्त गोठलं नाही, डॉक्टर सरांनी एएसव्हीच्या (सापाच्या विषावरचं औषध) १० व्हायल सांगितल्या. ती पावडर विरघळवताना व्हायल जोरात हलवायची नसते, फेस होतो, हळूहळू फिरवायची. अंगाची आग होत होती आणि हात सावकाश व्हायल फिरवत होते. पेशंट वाचला, परवा घरी गेला.

सकाळी घरी पोचले तर लेकीचा डबा दप्तरात सांडलेला. तेवढ्यावरून इतकी ओरडले, की हातातलं घावन तसंच धरून ती पडवीत जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांची आहे. नातेवाईक मला बोलले त्याहून वाईट मी तिला बोलले. आणि हे पहिल्यांदा नाही.

तीन दिवस बीपी १५०/९६ च्या आसपास येतंय. सरांनी मीठ कमी करायला सांगितलं, म्हणून सुको बांगडो आणि लोणचं बंद केलं. (पावसात मासेमारी बंद, दुसरं असतं काय घरात?) पण मला वाटतं मूळ रागातच आहे. राग बाहेर काढणं, आत दाबणं आणि आवरणं या तीन वेगळ्या गोष्टी धरतात, असं वाचलं. मी ड्युटीवर दाबते, घरी काढते, आवरत कुठेच नाही. २०२४ च्या एका अमेरिकन अभ्यासात रागाचा प्रसंग ८ मिनिटं आठवायला लावला, तर रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता ४० मिनिटांपर्यंत कमी राहिली. मला तर तो ट्रे दिवसभर दिसतो.

'तक्रार कर' म्हणू नका. हॉस्पिटलच्या लोकांवर हल्ला करणाऱ्यांसाठी २०१० चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, माहीत आहे. पण त्या माणसाचा भाऊ मरायला टेकला होता, त्याच्यावर मला केस नको.

हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी सांगा: ड्युटी संपल्यावर घरात शिरण्याआधी तुम्ही नेमकं काय करता? इनचार्ज सिस्टरांशी बोलावं का, की 'हिला झेपत नाही' असा शिक्का बसेल? टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर कुणी बोललंय का? क्वार्टरच्या भिंती पातळ, फोन समुद्रावर जाऊनच करावा लागेल.

लेकीला सॉरी म्हटलं. ती फक्त "बरं" म्हणाली. तिच्याशी पुढे काय बोलू, तेही सांगा.