ब्रसेल्स स्प्राउट्सवर सॉस घातला तर पोषण राहतंय काय?

टिळकवाडीकर: गोव्यासनं येताना भाऊ फ्रोझन ब्रसेल्स स्प्राउट्स घेऊन आलाय, बारके बारके कोबीच की, पोरं नुसतं खाईनात म्हणून चीज सॉस घातलो तर ताट साफ. बायको म्हणते फायदा सगळा गेला. खरं काय?

शहापूरची सून: भाजीतलं कुठं जात नाही वो, वर सॉसची भर पडते एवढंच. कच्च्या 100 ग्रॅममध्ये 43 कॅलरी, फायबर 4 ग्रॅमच्या जवळपास, व्हिटॅमिन सी 85 मिलिग्रॅम म्हणजे संत्र्यापेक्षा जास्त. चीज, लोणी, मैदा आला की कॅलरी आणि मीठ वाढणारच, सॉस पाकिटातला असेल तर सोडियम वाचा. आणि लई उकळू नका, सी पाण्यात उतरतं, वर गंधकाचा वास सुटतो तो घरभर.

खानापूरचा गडी: घरात कोण वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, घेतंय काय? व्हिटॅमिन के भरपूर असतंय ह्यात, त्यानं गोळीचा असर कमी होतो.

टिळकवाडीकर: आईला चालू आहे की ती गोळी!

खानापूरचा गडी: मग डॉक्टरला विचारूनच द्या. मनानं ही भाजी एकदम वाढवू पण नका, बंद पण करू नका, भाजीचं प्रमाण सारखं लागतं.

शहापूरची सून: पोरांना पुढच्या वेळी तव्यावर परतून घट्ट दह्यात शेंगाचटणी कालवून द्या, चीज मागणार नाहीत.