मदत हवी आहे: दया करताना आपणच मोहात पडू नये म्हणून काय करावं?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मंडळीतला (चर्चमधला) एक भाऊ जुगार सोडायला धडपडतोय. रात्री-अपरात्री फोन करून 'परत खेळावंसं वाटतंय' म्हणतो, मी जाऊन त्याच्याजवळ बसतो. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (6:1) प्रेषित पौल अशाला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगतो आणि त्याच वचनात स्वतःलाही जपायला बजावतो. यहूदाच्या पत्रात (वचन 22-23) तर दयेसोबत भीतीही बाळगायला सांगितलं आहे. ही भीती व्यवहारात कशी पाळायची?

घरच्यांशी खोटं बोल म्हणाला, ते मी साफ नाकारलं. पण कर्ज फेडायला पैसे मागतो, ते देणं दया की पापाला हातभार? त्याच्याकडे जाताना सोबत आणखी कुणाला न्यावं का? अशी सेवा केलेल्यांनी कृपया सांगा. त्याला एकटं सोडायचं नाहीये.