नवी, जुनी की मागच्या पिढीची? तुमच्या घरात गाडी कशी ठरली?

कळंबेकर
काल सकाळी केर्लीच्या अलीकडं दुधाचे कॅन भरलेली एक पांढरी सुमो पुढं चालली होती. मागच्या दाराला खाली डाव्या कोपऱ्यात पोचा. तो पोचा माझा. २००९ साली बाबा झोपलेले बघून गाडी मागं घेताना गोठ्याच्या खांबाला लावली होती. नंबर बघायची गरज नव्हती, तरी बघितला. आमचीच. २००५ ची सुमो व्हिक्टा, २०१५ ला विकलेली.

त्या गाडीत आम्ही अकराजण जोतिबाला गेलोय. आजी पुढं. नऊवारी नेसून तिला चढता यायचं नाही म्हणून घरातला जेवणाचा पाट गाडीतच असायचा. दार उघडायचं, पाट ठेवायचा, आजी चढली की पाट सीटखाली. गाडी विकताना पाट काढून घ्यायचा राहिला. आजीनं महिनाभर बोलणी घातली.

आता मीच त्या पेचात आहे. घरात सहा माणसं, आईचे दोन्ही गुडघे बदललेत. नवी घ्यायची म्हटलं तर स्कॉर्पिओ-एनचं खालचं मॉडेल बसतंय. भाऊ म्हणतो चार-पाच वर्षं वापरलेली इनोव्हा क्रिस्टा घे. पोराला फक्त सनरूफ पायजे. तुमच्याकडं कसं ठरलं ते लिहा. व्हिडिओच्या लिंका नकोत, बघून बघून डोकं फिरलंय.

गुळाचा_चहा
पाटाचं वाचून हसलो. आमच्याकडं क्वालिस होती, तिच्यात आजोबा स्टुलावरून चढायचे. स्टूल दोनदा जोतिबाच्या पार्किंगलाच राहिलंय.
आणि सुमो हे नाव टाटा मोटर्सच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून. पैलवानाचा काय संबंध नाही. हे मला चाळिशीत कळलं.

उद्यमनगरी
भावा, जुनी बघायला जाणार असशील तर सकाळी जा आणि गाडी गार असताना जा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर 'उद्या येतो' म्हण. विकणारा आधीच चालू करून ठेवतो, कारण पहिला धूर तुला दिसू नये. निळा असला तर ऑइल खातंय. काळा असला तर इंजेक्टर किंवा टर्बोकडं बघायला लागतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघड. धूर फुकफुक बाहेर यायला लागला तर ते इंजिन थकलंय, मग कितीबी पॉलिश असू दे.

मीटरवर जाऊ नको. मीटर मागं फिरवणं आता पंधरा मिनिटांचं काम झालंय. क्लचच्या पेडलचं रबर बघ, स्टिअरिंगचं कातडं बघ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघ. चाळीस हजार किलोमीटर म्हणतोय आणि पेडल गुळगुळीत, तर मग काय विषय हाय ते तूच समज. सर्व्हिसिंगची जुनी बिलं माग, त्यावर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेलं असतंय. काचांच्या कोपऱ्यात सालाची खूण असते. पाच काचा एका सालाच्या आणि एक वेगळी, तर विचार की बाबा ही का बदलली.

एवढं करून आमच्या मेहुण्यानं घेतलेली गाडी ठोकलेलीच निघाली, ते सोडा. तो मला न विचारता गेला होता.

गुळाचा_चहा
मेहुण्याचं काय झालं पुढं?

उद्यमनगरी
दर दिवाळीला तोंड पाडून गाडी आमच्याच दारात लावतो. फुकट काम.

दुधाळीकर
जुनी घेणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ विसरायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पार्किंगला छातीएवढं पाणी होतं. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, त्या वेळी ५५ च्या वर गेली होती. आमची गाडी पाण्यातच राहिली, पण आम्ही तिला हात लावला नाही. पाणी उतरल्यावर टोचन करून नेली, महिन्याभरात रस्त्यावर आली. खालच्या मजल्यावरच्या काकांना दम निघाला नाही, त्यांनी सेल मारला. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं, कनेक्टिंग रॉड वाकला. विमावाल्यांनी सांगितलं की पाण्यात सेल मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यायला लागतं. त्यांनी घेतलं नव्हतं.

तर अशा गाड्या धुऊन, पुसून, वास मारून विकल्या गेल्यात. आमचीपण गेली, पण आम्ही घेणाऱ्याला सांगून विकली आणि तेवढे कमी घेतले. सगळेच सांगत नाहीत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असते. सीटच्या खाली रुळावर गंज बघा, पायातलं कार्पेट उचलून नाक लावा. आमच्या नदीचा गाळ साबणाला ऐकत नाही.

सानेगुरुजी_वसाहत
आमचं उलटं झालं. जुनीची भीती म्हणून नवी घेतली, डिझेल, बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाची. नाव लिहीत नाही. मी शिक्षिका, शाळा घरापासून चार किलोमीटर. तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा. सर्व्हिस सेंटरला नेली तर तो पोरगा म्हणतो, 'मॅडम, तुम्ही गाडी पळवत नाही.' म्हटलं, शाळेत जायला पळवू?

मग त्यानं समजावलं. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लायनीत एक जाळी असते, डीपीएफ. काजळी तिच्यात साठते आणि गाडी हायवेवर सलग गरम राहिली की जळून जाते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद केली की जळायला वेळच मिळत नाही, जाळी तुंबते. म्हणून आता दर रविवारी आम्ही निपाणीला जाऊन येतो. काम काही नसतं. सासूबाई खूश, त्यांच्या बहिणीचं घर तिथं आहे. मिस्टर म्हणतात डीपीएफ साफ झाला, पाकीट पण साफ झालं.

कळंबेकर दादा, तुमचं रोजचं फिरणं किती ते आधी लिहा. गावातल्या गावात असेल तर पेट्रोल बघा.

खटक्यावर_बोट
दर रविवारी मावशीकडं 😂 जाळ आणि धूर संगटच!

मंगळवार_पेठ_सून
घरात गाडी ठरवणारे सगळे पुरुष आणि गल्लीतून काढणारी मी. सासऱ्यांची २०१२ ची स्कॉर्पिओ मी सात वर्षं चालवली. चालवायला जड, पण आमच्या फाटकातून जायची. मागच्या वर्षी नवी एन बघायला गेलो तेव्हा मी पर्समध्ये शिंप्याचा टेप घेऊन गेले. शोरूममधला मुलगा आधी हसला. जुनी १८२० मिलिमीटर रुंद, नवी १९१७. म्हणजे जवळजवळ दहा सेंटिमीटर जास्त, आणि वर आरसे. लांबीला तर वीतभर वाढलीय, ४६६२. पिढी बदलली की गाडी वाढते, गल्ली वाढत नाही.

सासरे म्हणाले फाटक पाडू. शेजारचे म्हणाले फाटकाचा खांब सामायिक आहे. शेवटी बोलेरो निओ घेतली, चार मीटरच्या आत. सासरे अजून नाराज आहेत आणि मी रोज एका दमात आत लावते.

उद्यमनगरी
वहिनी, टेपचं लई भारी. आमच्याकडं गिऱ्हाईक गाडी घेतं आणि मग गेट तोडायला वेल्डर शोधत येतं.

राधानगरी_रोड
कुणी रात्रीच्या गाडीबद्दल लिहील का? कारखाने चालू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मागच्या हंगामात हळदीजवळ माझी थोडक्यात वाचली. माझ्या दृष्टीनं नवी-जुनी सगळं नंतर, आधी हेडलाइट. जुन्या गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी झालेली असते, ती पॉलिश करून घ्या, दोन-तीनशेत होतं.

गुळाचा_चहा
आणि ट्रॅक्टरवरची गाणी! ट्रॉलीला दिवा नाही, पण स्पीकर चार.

राधानगरी_रोड
गाणी ऐकू येतात म्हणून तरी कळतंय पुढं ट्रॅक्टर हाय 😄

कागल_चेकनाका
मी शहाणपणा केला तो सांगतो. दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षं झाली की चालवता येत नव्हती, म्हणून तिकडच्या मोठ्या गाड्या स्वस्तात इकडं यायच्या. एक मोठी सात सीटर आली, आतून लखलखीत. एजंट म्हणाला 'एनओसी आठ दिवसांत', म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला. आठ दिवसांचे सात महिने झाले. आरसीवर बँकेचा बोजा होता, तो उतरवलेलाच नव्हता. मूळ मालक फोन उचलेना. तोवर गाडी दारात उभी, टायर बसले, बॅटरी गेली. एनओसी आल्यावर इथला टॅक्स भरायचा होता तो वेगळाच. महाराष्ट्रात १० ते २० लाखाच्या नव्या डिझेल गाडीला १४ टक्के, २० च्या वर १५. जुनीला वयाप्रमाणं कमी होतो, पण शून्य होत नाही. सगळं धरून बघितलं तर एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, तीच गाडी जरा जास्त पैशात, त्याच दिवशी नावावर झाली असती.

कर्नाटक पासिंगचंही तेच. 'चालतंय की' म्हणून बेळगावची गाडी वर्षानुवर्षं फिरवणारे आमच्याकडं आहेत. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की इथलं पासिंग करायला लागतं.

खटक्यावर_बोट
माझ्याकडं २०१४ ची अल्टो आहे, फर्स्ट ओनर, कुणाला पायजे का?

दुधाळीकर
धाग्याचं नाव वाचलंस का मर्दा

खटक्यावर_बोट
कुटुंब बसतंय की तिच्यात! चौघं.

गगनबावडा_घाट
मोठ्या काकांकडं पहिली सफारी होती, १९९८ ला आली तीच. लॅडर चासी म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा, मागच्या चाकांना ताकद, डिकीत समोरासमोर दोन आडवी बाकडी. आम्ही चुलतभावंडं त्या बाकड्यांसाठी भांडायचो. करूळ घाट उतरताना तिथं बसलेला एक तरी ओकायचाच. बहुतेक वेळा मी. तरी परत तिथंच.

२०२१ ला नवी सफारी आली तेव्हा काका हट्टानं बघायला गेले. पोटमाळ्यावरचं सामान काढल्यासारखं त्यांनी वाकून खाली बघितलं आणि विचारलं, 'चासी कुठाय?' नवी मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, ताकद पुढच्या चाकांना, फोर बाय फोर नाही. काका म्हणाले नाव तेच ठेवलंय, गाडी दुसरीच आहे. पण परत येताना ती नवी गाडी चुलतभावानं चालवली, काका मागं बसले आणि किणी टोलनाका आलेला त्यांना कळला नाही, एवढी शांत. घरी आल्यावर म्हणाले घ्या.

जुन्या गाडीबद्दल जीव तुटतो हे खरं. पण त्या बाकड्यांना बेल्ट नव्हता. २०१६ ला ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, बिनएअरबॅगची स्कॉर्पिओ आपटली तेव्हा शून्य तारे आले, २०२२ ला एनला पाच आले. माझी मुलगी आता तिसऱ्या रांगेत बसते तेव्हा मी बाकड्याच्या गोष्टी सांगतो, बसवत मात्र नाही.

सानेगुरुजी_वसाहत
ओकण्यावर आमच्याकडं आलेपाक. घाट लागायच्या आधी द्यायचा, नंतर उपयोग नाही.

शिरोली_एमआयडीसी
माझं दुःख कुणी वाचणार असेल तर लिहितो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तीन वर्षांची वापरलेली गाडी घेतली, घासाघीस करून, लई खूश. २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर आधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचा तो सरळ ४० झाला. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल ३१ वरून १८ वर. नवी उतरली म्हटल्यावर जुनीचे भाव पण उतरले. बायकोनं पेपर माझ्यापुढं ठेवला, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून कळंबेकर, कुणी जुनीचा भाव सांगितला तर त्याला आजच्या नवीच्या ऑन-रोडशी लावून बघा. काहीजण अजून जुन्या किमतीवरून टक्के काढतात.

मंगळवार_पेठ_सून
😢 बिचारे. मिसळ खा, बरं वाटेल.

शिरोली_एमआयडीसी
मिसळ तिनंच दिली. कट न घालता.

कळंबेकर
सगळ्यांचं वाचलं, आभार. माझं फिरणं: आठवड्यातून दोनदा गडहिंग्लज, बाकी गावात. म्हणजे डीपीएफला काम मिळेल, ताई.

आज आईला घेऊन दोन्ही गाड्या बघितल्या. आधी एन. पायरी असून तिला वर ओढून घ्यावं लागलं, उतरताना माझ्या खांद्यावर सगळा भार. आत बसल्यावर मात्र खूश, सगळं उंचावरून दिसतंय म्हणाली. पोरगा सनरूफ शोधत होता, खालच्या मॉडेलला नाही म्हटल्यावर त्याचा विषय संपला. मग जुनी क्रिस्टा, २०१९ ची, एमएच-०९, पहिलाच मालक. गेलो तेव्हा बॉनेट गार होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, विकणारे काका माझ्याकडं संशयानं बघत होते. आई एक पाय आत टाकून बसायच्या तयारीत थांबली आणि मला म्हणाली, 'पाट कुठाय?'

उद्यमनगरी
ऑइलचं झाकण उघडलंस का?

कळंबेकर
विसरलो.

उद्यमनगरी
उद्या सकाळी सातला मी येतो. पत्ता पाठव.

गुळाचा_चहा
आणि त्या दूधवाल्याला गाठ, सीटखाली बघायला सांग.